काचेवर उतरलेली वसई

वसईचे नाव उच्चारताच बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, त्यात बहुधा माणूस नसतो. छप्पर नसलेले एखादे चर्च, त्याच्या कमानीतून दिसणारे आकाश, भिंतीच्या भेगेतून उगवलेला वड किंवा पिंपळ, आणि शेजारी एकटे उभे ताडाचे झाड, एवढेच त्यात असते. उलट वसईच्या माणसाला आपले गाव आठवते तेव्हा त्याला केळीची वाडी दिसते, बावखलाच्या काठी झुकलेल्या माडांची रांग दिसते, पानवेलींचे मांडव दिसतात, पहाटेच्या गाडीसाठी टोपल्या घेऊन निघालेल्या बाया दिसतात. एकाच भूमीची ही दोन चित्रे आहेत. परंतु गेली सव्वाशे-दीडशे वर्षे जगापुढे गेली ती पहिल्या प्रकारची वसई. ती तेथवर कोणी नेली, कोणत्या साधनाने नेली, आणि तिच्यामुळे आपण स्वतःकडे कोणत्या दृष्टीने पाहू लागलो, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर बरेचसे छायाचित्रणाच्या इतिहासात दडलेले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वसईचे भग्न सौंदर्य हा काही छायाचित्रकारांचा शोध नव्हे. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आलेले आणि उत्तर प्रांताची राजधानी म्हणून दोनशे वर्षे नांदलेले हे तटबंदीचे शहर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने घेतले. मराठ्यांनी त्याचे नाव बाजीपूर ठेवले. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडार्डने ते जिंकले, पुढे ते पेशव्यांकडे परत गेले, १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला, आणि पेशवाई बुडाल्यावर बाजीपूरचे ‘बसीन’ झाले. १८२५ साली गुजरातेतून मुंबईकडे येताना कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप हेबर येथे उतरले, तेव्हा त्यांना तटाच्या आत वस्ती अशी आढळलीच नाही. पडकी घरे आणि पडकी चर्चेस तेवढी होती. म्हणजे कॅमेरा येण्याआधीच शहर ओस पडले होते. परंतु ओस पडले ते शहर. आगाशी, नंदाखाल, गास, निर्मळ, गिरीज, सांडोर, पापडी, रमेदी ही गावे ओस पडली नव्हती. १७३९ नंतर शहर सोडून गेले ते फिदाल्गो, त्यांचे सैनिक आणि त्यांच्या मठांतील संन्यासी. वाड्या कसणारा, राहाट चालवणारा, मासे मारणारा ख्रिस्ती माणूस कोठेही गेला नाही. प्रवासी तटाच्या आत गेले आणि वसई मेली असे लिहून परतले. तटाबाहेर दोन मैल चालत गेले असते तर त्यांना रविवारी माणसांनी भरलेली चर्चेस दिसली असती.

छायाचित्रणाची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली आणि आश्चर्य वाटावे इतक्या लवकर ती मुंबईत पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रणाची एक संस्था स्थापन झाली. तिच्या सभासदांत इंग्रज लष्करी व मुलकी अधिकारी होते, तसेच डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. एतद्देशीयांनी ही विद्या परक्यांकडून भीत भीत नव्हे, तर बरोबरीने घेतली, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. याच संस्थेच्या आश्रयाने विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन या दोघांनी १८५६ ते १८५८ या काळात एक मासिक चित्रसंग्रह काढला. त्याच्या प्रत्येक अंकात तीन छायाचित्रे असत आणि असे चोवीस अंक निघाले. मुंबईचे, तिच्या परिसराचे आणि तिच्यातील नाना जातिजमातींचे दर्शन घरबसल्या घडवावे, हा त्याचा हेतू. विलायतेतील आप्तांना पाठविण्यास याहून चांगली भेट ती कोणती?

या जॉन्सनसाहेबांची पुढील कामगिरी तर आमच्या विषयाच्या दृष्टीने फारच बोधप्रद आहे. १८६३ व १८६६ साली मुंबईतील लोकजातींविषयी त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रांत माणसे आणि त्यांच्या पाठीमागचा देखावा ही दोन्ही वेगवेगळी टिपलेली आहेत. माणसांची छायाचित्रे घेतली, त्यांच्या आकृती कापून काढल्या, निराळ्या वेळी घेतलेल्या देखाव्यावर त्या बसविल्या आणि सगळ्याचे मिळून एक चित्र तयार केले. म्हणजे माणूस खरा आणि जागाही खरी, पण तो माणूस त्या जागी तसा उभा राहिला होता याला मात्र काही प्रमाण नाही. छायाचित्र खोटे बोलत नाही असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याच्या बालपणीच ते कसे बोलत होते, हे लक्षात असलेले बरे.

त्यानंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात छायाचित्रांचा आणखी एक उपयोग सुरू झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, मुंबईच्या शेट-सावकारांकडे अमाप पैसा आला, आणि त्यातील काही पैसा १८६६ साली निघालेल्या मोठमोठ्या सचित्र ग्रंथांकडे वळला. अहमदाबादच्या वास्तुशिल्पावरील ग्रंथाला प्रेमचंद रायचंद यांचा आश्रय होता. विजापूरवर एक, धारवाड व म्हैसूरवर एक असे आणखी ग्रंथ त्याच सुमारास निघाले. हे ग्रंथ जाहिरातीचे पत्रक नव्हते हे खरे. परंतु एखाद्या प्रांताचे वैभव जगापुढे मांडावे, तेथील विद्वान आणि प्रवासी तिकडे वळावेत, आणि ज्याच्या पैशाने ते छापले गेले त्याचेही नाव व्हावे, हे सर्व हेतू त्यांत होतेच. अहमदाबादच्या माणसाला आपले शहर म्हणजे जाळीदार खिडक्यांचे शहर आहे, विजापूरच्या माणसाला आपले गाव म्हणजे गोल घुमट आहे, ही जी पुढे सवय लागली तिच्या मुळाशी अशी पुस्तके आहेत. या मालेत वसईला जागा नव्हती. फिरंग्यांनी बांधलेल्या चर्चला हिंदुस्थानी वास्तुशिल्प म्हणावे काय, असा प्रश्न त्या संपादकांना पडण्याचेही कारण नव्हते. त्यांच्या कोष्टकात हिंदू, जैन व मुसलमानी असे रकाने होते, आमचा रकाना नव्हता. वसईची चर्चेस बांधणारे हात येथल्या गवंड्यांचे होते, चुना येथल्या शिंपल्यांचा होता आणि लाकूड येथल्या रानातले होते, ही गोष्ट त्या कोष्टकात बसणारी नव्हती.

ही उणीव भरून काढली ती गोव्यातील आर्पोरा या गावी १८४४ साली जन्मलेल्या एका डॉक्टरने. डॉ. जुझे जेर्सन द कुन्या हे मुंबईत वैद्यकीचा व्यवसाय करीत, पण त्यांचा जीव रमे तो जुनी नाणी, जुने शिलालेख आणि जुन्या पोथ्या यांत. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेतील विद्वानांत त्यांची गणना होत असे. १८७६ मध्ये मुंबईच्या थॅकर, व्हिन्सेंट आणि कंपनीने त्यांचा चौल व वसई यांच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सतरा छायाचित्रे, नऊ शिळाछापाची चित्रे आणि एक नकाशा त्यात असल्याचे मुखपृष्ठावरच अभिमानाने नोंदवलेले आहे. छायाचित्रे मजकुराबरोबर यंत्रावर छापण्याची रीत त्या वेळी रूढ झालेली नव्हती. एकेक छायाचित्र वेगळे तयार करून हाताने पानावर चिकटवावे लागे. आजच्या वाचकाला यातील खटाटोपाची आणि खर्चाची कल्पना येणार नाही. तरीही डॉक्टरांनी हा खर्च करवला, याचे कारण उघड आहे. शब्दांनी सांगितलेल्या वैभवावर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो, चित्र पाहिल्यावर ठेवावाच लागतो.

डॉ. द कुन्या यांच्या या ग्रंथाबद्दल आम्हाला आदर आहे आणि तो का आहे हे सांगितले पाहिजे. चर्चमधील थडग्यांवरचे लेख त्यांनी वाचले, उतरवून घेतले, त्यांचा अर्थ लावला. कोणते चर्च कोणत्या संघाचे, फ्रान्सिस्कन कोठे राहत, डॉमिनिकन कोठे, जेझुइटांचे महाविद्यालय कोणते, ऑगस्टिनियनांचे चर्च कोणते, ही ओळख त्यांनी पुन्हा पटवून दिली. त्यापूर्वी प्रवाशांना सगळे अवशेष सारखेच वाटत. पुढे वर्षानुवर्षे ऊन-पावसाने आणि माणसांच्या हातांनी जे झिजले व नाहीसे झाले, त्यातील पुष्कळशाचा ठावठिकाणा आज त्यांच्या पुस्तकावरूनच लागतो. त्यांच्या पिंडात केवळ पोर्तुगीजप्रेम होते असेही नाही. वसईवरील ग्रंथानंतर लगेच, १८७७ मध्ये, त्यांनी स्कंदपुराणातील सह्याद्रिखंडाची आवृत्ती काढली. पुढे १८८१ मध्ये कोकणी भाषेवर लिहिले. १९०० साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षी, मुंबईच्या उगमावरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परशुरामाची भूमी आणि फिरंग्यांची राजधानी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अभ्यासिकेत शेजारी शेजारी बसल्या होत्या. अशी मनाची ऐसपैस बैठक आज दुर्मीळ झाली आहे, असे आम्हाला म्हणावेसे वाटते. असो.

परंतु आदर ठेवूनही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या ग्रंथात वसई ही मुख्यतः गेलेल्या लोकांची वसई आहे. गोव्याच्या सुशिक्षित ख्रिस्ती माणसाला जुने गोवे आणि वसई ही दोन जुळी भग्न नगरे वाटत, आणि दोहोंतून त्याला आपल्या गतवैभवाचे दर्शन होई. मडमेरीला मेणबत्ती लावून बाजाराला निघणारी नंदाखालची बाई त्याच्या या चित्रात कोठेच बसत नव्हती. त्यातच १८६२ च्या जूनमध्ये पोप नववे पायस यांनी वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया यांना संतपद बहाल केले होते. १५९७ च्या फेब्रुवारीत नागासाकी येथे पंचवीस साथीदारांसह क्रूसावर प्राण देणारा हा फ्रान्सिस्कन बंधू म्हणजे आपल्या मातीतला माणूस. म्हणजे ज्या पिढीने वसईच्या अवशेषांची छायाचित्रे पाहिली, त्याच पिढीने वसईला तिचा संत मिळाल्याचेही ऐकले. एक वार्ता मरणाची, दुसरी जिवंत भक्तीची. छायाचित्र मात्र पहिलीचेच निघाले.

येथे छायाचित्रकाराला सर्वस्वी दोष देणे बरोबर होणार नाही. त्याच्या हातातील साधनच असे होते की त्याने दुसरी वसई टिपायची म्हटले तरी टिपता आली नसती. वाचकांना थोडा तांत्रिक भाग सहन करण्याची विनंती आहे, कारण आमच्या सगळ्या विवेचनाचा गाभा त्यात आहे. १८५० ते १८८० च्या सुमारास जी पद्धत सर्वत्र चालत होती, ती ओल्या काचेची. स्वच्छ काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रव्य पसरायचे, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि लगेच तंबूतल्या अंधारात धुऊन काढायचे. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत उरकले पाहिजे. कोलोडियनमध्ये ईथर असल्याने आपल्याकडील उष्म्यात ती काच याहूनही लवकर सुकणार. म्हणून छायाचित्रकाराला तंबू, बाटल्या, काचांच्या पेट्या, स्वच्छ पाणी आणि चार-सहा हमाल यांसह जावे लागे. अशा माणसाला वाड्यांच्या चिंचोळ्या, चिखलाच्या वाटांपेक्षा किल्ल्यातील मोकळी जागा सोयीची वाटली तर नवल नाही.

पण याहून महत्त्वाची गोष्ट रंगांची. ही काच निळा व जांभळा प्रकाश तेवढा ओळखत असे. हिरवा, पिवळा आणि तांबडा हे रंग तिच्यावर जवळजवळ उमटत नसत. परिणाम असा की निळे आकाश पांढरेफेक, ढगाविना येई. दगडी भिंत उन्हात स्वच्छ, रेखीव येई. आणि झाडी काळी येई. वसईची हिरवाई, जिच्यावर आपण एवढा जीव टाकतो, ती पहिल्या छायाचित्रांत काळा डाग होऊन बसली. कुपारी बायांचे लाल लुगडेही काळेच आले असते. पुन्हा काचेला प्रकाश पुरेसा मिळावा म्हणून काही सेकंद झाकण उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात जे हलेल ते पुसट होई किंवा नाहीसेच होई. वाऱ्यावर हलणारे केळीचे पान, राहाटाभोवती फिरणारा बैल, डोक्यावर हारा घेऊन चालणारी बाई, ओसरीवर खेळणारी पोरे, ही सगळी हलणारी माणसे आणि वस्तू. हलत नाही ती फक्त भिंत. वसईत जे जे जिवंत होते ते हलत होते, म्हणून ते काचेवर आले नाही. जे मेलेले होते ते स्थिर होते, म्हणून ते अजरामर झाले. शिवाय पावसाळ्यात हे काम शक्यच नव्हते. तेव्हा चार महिने बावखले तुडुंब भरलेली, शेतांत लावणी चाललेली वसई कॅमेऱ्याला भेटलीच नाही. त्याला भेटली ती नेहमी कोरड्या ऋतूतील, स्वच्छ उन्हातील वसई.

साधनाची ही मर्यादा आणि पाहणाऱ्याची आवड यांची गाठ पडली. इंग्रज रसिकाला भग्नावशेषांचे वेड होतेच. आपल्या देशातील मठांचे वेलींनी वेढलेले अवशेष त्याने अनेक चित्रांतून आणि कवितांतून जोपासले होते. वसईत त्याला तेच दृश्य नारळी-ताडांसह मिळाले. त्यात एक राजकीय समाधानही होते. आमच्या आधी आलेले युरोपीय येथे टिकले नाहीत, धर्माच्या अतिरेकाने बुडाले. आम्ही मात्र रेल्वे बांधतो, न्यायालये चालवतो, असा तो अर्थ. न बोलता हे सगळे सांगण्यास एक पडके चर्च पुरेसे होते.

आणि रेल्वे तर आलीच होती. १८६४ च्या अखेरीस बॉम्बे, बडोदा आणि सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग वसईची खाडी ओलांडून मुंबईच्या ग्रँट रोडला जोडला गेला. १८६७ च्या १२ एप्रिलपासून विरार ते मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची गाडी धावू लागली. ‘बसीन रोड’ या स्थानकावर उतरायचे आणि पाच मैल टांग्याने किल्ल्यात जायचे, अशी सहलीची वाट तयार झाली. मरे यांच्या प्रवास-पुस्तिकेतही तिला स्थान मिळाले. मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर एक आख्खे भग्न नगर! प्रवाशाला याहून काय हवे? त्याच गाडीने वसईची केळी, पाने, भाजीपाला आणि आगाशीची सुकेळी मुंबईला जात होती. त्या गाडीत एका दिशेला चित्र पाहायला जाणारे बसत आणि उलट दिशेला पोट भरायला जाणारे. त्यांची दृष्टादृष्ट झाली असेल, ओळख मात्र झालेली दिसत नाही.

जगात इतरत्र असे घडत असताना परिणाम निराळा झाला, तोही पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत कार्ल्टन वॉटकिन्स यांनी १८६१ साली योसेमिटीच्या दरीची भव्य छायाचित्रे घेतली. ती पाहिलेल्या लोकांच्या खटपटीतून १८६४ मध्ये ती दरी जनतेसाठी राखून ठेवण्याचा कायदा झाला. विल्यम हेन्री जॅक्सन यांनी १८७१ मध्ये यलोस्टोनची छायाचित्रे घेतली आणि पुढच्याच वर्षी ते राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे छायाचित्राने निसर्ग वाचविला, असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु त्या चित्रांतही त्या दऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मूळ रहिवासी बहुधा नसतात. भूमी रिकामी आहे असे चित्र दाखवायचे आणि मग ती भूमी आपली म्हणायची, हा प्रकार केवळ वसईपुरता नव्हता.

आता या चित्रांनी आपल्या समाजाच्या मनावर काय परिणाम केला, ते पाहू. एकाच पडक्या चर्चचे तीन-चार वेगवेगळे अर्थ लागले. गोव्याकडील वाचकाने त्यात पोर्तुगीज वैभव पाहिले. महाराष्ट्रातील इतिहासप्रेमी वाचकाने त्यात चिमाजी अप्पांचा विजय पाहिला; किल्ल्यातील चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीत आजही लटकत आहेत, हे त्या विजयाचे पुरावे. ध्वनी असा घाटावर गेला आणि चित्र तेवढे मागे राहिले. सोपाऱ्याच्या बाजूला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटातील स्तूप उकरला, तेव्हा बौद्ध वसईचाही एक पक्ष उभा राहिला. या सगळ्या वाटणीत आपल्या वाट्याला काय आले? भग्न चर्चमधील भक्तांचे आपण वंशज खरे, पण ते चर्च बांधवून घेणाऱ्या राज्यकर्त्यांचे वंशज नव्हे. चित्राने मात्र आपल्याला त्या राज्यकर्त्यांच्या पंगतीत बसविले. वसईचा ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगिजांचा अवशेष, अशी जी समजूत शेजाऱ्यांच्या आणि कधी कधी आपल्याही बोलण्यात डोकावते, तिच्या मागे ही चित्रपरंपरा आहे असे आमचे मत आहे. ज्याची भाषा सामवेदी किंवा वाडवळी मराठी, ज्याच्या लग्नातली गाणी मराठी, ज्याचे आडनाव तेवढे डिसोजा वा परेरा, त्याला ‘तुम्ही कोठून आलात?’ असे विचारले जावे, हा विनोद नव्हे.

या गोंधळाचाच एक भाग म्हणजे नावाचा प्रश्न. १८८७ साली मुंबईत बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. आपण पोर्तुगीज ख्रिस्ती नव्हे, या भूमीचे मूळ ख्रिस्ती, हे सरकारला आणि जगाला सांगण्यासाठी त्या मंडळींनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. हे नाव मुंबई-साष्टीत रुजले. वसईच्या सामवेदी आणि वाडवळ समाजात ते तितकेसे रुजले नाही. आपण वसईकरच राहिलो. नाव बदलून ओळख सिद्ध करणे आणि जमीन धरून ओळख टिकविणे, असे हे दोन मार्ग झाले.

विसाव्या शतकात चित्रे स्वस्त झाली. कागदावर थेट छपाई होऊ लागली, मुंबईचे देखावे दाखविणारी पत्रे पैशा-दोन पैशांत मिळू लागली. रंगांना दाद देणाऱ्या काचा आणि पुढे फिल्म आली. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत पोहोचली आणि सहलीच्या मंडळींची संख्या वाढली. त्यांच्यासाठी १९४१ साली ब्राझ फर्नांडिस यांनी वसईच्या अवशेषांची इंग्रजी मार्गदर्शिका लिहिली. वांद्र्याच्या इतिहासाचे लेखक म्हणून ते आपल्याला परिचित आहेतच. वसईच्या किल्ल्यातील शिलालेख व कुलचिन्हे यांवरील त्यांचे पुस्तक १९५७ मध्ये लिस्बनमध्ये निघाले. त्यांच्या हातून किल्ल्याची अतिशय चोख सेवा घडली. आता रंग टिपता येत होते, हालचालही टिपता येत होती. तरीही चौकट तीच राहिली. साधन बदलले, सवय बदलली नाही. सवयीचे हे बळ आम्हाला कोलोडियनच्या मर्यादेपेक्षाही मोठे वाटते.

वसईचे दुसरे चित्र सार्वजनिक रीतीने पुढे आले ते फार उशिरा, आणि तेही ते पुसले जाण्याची वेळ आली तेव्हा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला आणि १९९० मध्ये सिडकोकडे येथील नियोजनाचे अधिकार गेले. त्या वेळी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाने ख्रिस्ती, हिंदू, आगरी, कोळी, वाडवळ असे सगळे रस्त्यावर आले. त्या लढ्याचा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. आमच्या मुद्द्यापुरते एवढेच की ‘हरित वसई’ हे दोन शब्द म्हणजे काळ्या-पांढऱ्या ‘बसीन’ला दिलेले शंभर वर्षे उशिराचे उत्तर होते. आपली ओळख दगडात नाही, पाण्यात आणि मातीत आहे, असे वसईने प्रथमच एका आवाजात म्हटले. पुढे २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, बावखले बुजली, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलैत निवर्तले. किल्ला मात्र पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणामुळे जागच्या जागी आहे. ज्याचे चित्र निघाले ते राखले गेले आणि ज्याचे निघाले नाही ते विकले गेले, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चूक ठरणार नाही. अर्थात चित्राखेरीज कायदा, पैसा आणि मुंबईची वाढती गर्दी ही कारणे होतीच.

आजही किल्ल्यात कॅमेरे येतातच. लग्नाआधीची छायाचित्रे काढून घेणारी जोडपी येतात, सिनेमावाले येतात. २०१६ च्या आरंभी कोल्डप्ले या इंग्रज वाद्यवृंदाच्या एका गाण्याच्या चित्रफितीत वसईच्या भिंती जगभर झळकल्या. ओलसर काचेच्या काळात घेतलेल्या चौकटीत आणि या चौकटीत फरक फारसा नाही. भिंत, कमान, आकाश. त्याच भिंतींच्या आत संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला जमणारे भाविक, किंवा नागेश्वर आणि वज्रेश्वरीच्या देवळांत येणारे भक्त, किल्लाबंदर-पाचूबंदरचे वाळत घातलेले जाळे आणि बोंबील, यांची छायाचित्रे बाहेरच्यांनी कमीच काढली.

ती आपल्याकडे आहेत. वसईच्या जुन्या घरांत, पत्र्याच्या पेट्यांतून, सुती कापडात गुंडाळलेली, कोपरे वाळवीने खाल्लेली छायाचित्रे आहेत. कोटातला नवरा आणि लुगड्यातली नवरी, चर्चच्या पायऱ्यांवर बसलेली पहिल्या कम्युनियनची मुले, पाठीमागे चुकून आलेला राहाट, विहिरीची कड, केळीचा लोंगर. ज्याने छायाचित्र काढले त्याला तो लोंगर नको होता. आज आपल्याला तोच हवा आहे. अशा छायाचित्रांच्या पाठी बहुधा कोरी असतात. घरात जी वडीलधारी माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत, त्यांच्यापुढे ही पेटी उघडावी. कोण बसले आहे, कोण उभे आहे, लग्न कोणत्या पावसाळ्यानंतरचे, ही वाडी कोणाची, ते बावखल कोणते आणि आता त्या जागी काय आहे, हे विचारावे, आणि मऊ पेन्सिलीने पाठीवर लिहून ठेवावे. शाईने लिहू नये. ती पुढच्या बाजूला उतरते.